चाळीस दिवसांचे मासे

३ मार्च

थोरले भाऊ जोरो बाइके यांना धाकट्याचा सलाम.

घर बरं असेल, मेंढ्यांची वीण सुरू झाली असेल, बुरुल वहिनीची कंबर यंदा कमी दुखत असेल, असं सगळं मीच धरून चालतो, कारण तुम्ही काही सांगणार नाही. फोन केला की तुमच्या पडद्यावर माझं नाव येत असेल आणि तुम्ही फोन पालथा ठेवत असाल. कागद पालथा ठेवता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी लिहितोय.

सातवीतून पळालेल्याचं अक्षर आहे, चालवून घ्या. पत्र तिकडे फेऱ्या करणाऱ्या कदीरच्या गाडीतून येतंय. त्याला सांगितलंय, हातात द्यायचं, दारात टाकायचं नाही.

बाबांची घोडी मी विकली आणि त्या पैशावर इकडे उत्तरेला आलो, याला आता दोन वर्षं होतील. धाकट्याने घर सांभाळायचं असतं, ते थोरल्यावर टाकून मी गेलो, हेही खरं. त्यावर तुम्ही फाटकात जे बोललात ते मला तोंडपाठ आहे, पुन्हा लिहायला नको. आज दुसरंच सांगायचंय.

माझी बढती झाली. दीड वर्ष मी चुन्याच्या हौदावर होतो, भिजलेल्या कातड्यांचे केस खरवडायचं काम. हाताची नखं गेली होती, आली परत. आता मी तळ्याचा माणूस आहे. कारखान्यातून निघालेलं घाण पाणी टाक्यांमधून साफ होऊन शेवटी कचेरीमागच्या एका तळ्यात येतं. तळ्याला कुंपण आहे, बाक आहे, पाटी आहे. पाटीवर हिरव्या रंगात लिहिलंय की आम्ही कमावतो ते कातडं आणि विश्वास. ते तळं नीट दिसेल असं ठेवायचं, हे माझं काम.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या मालक साहेबांना आपल्या तेरेक-बुलाकात, कालव्याच्या मुखाशी, दुसरा कारखाना काढायचाय. फेब्रुवारीत त्यांची माणसं गावात आली तेव्हा तुम्ही म्हणे त्यांचा कागद घडी करून त्यांच्याच खिशात ठेवलात. इथे हसत होते सगळे. मग खुद्द तालाइबेक ओमुरोविच साहेबांनी मला बोलावलं. मला! चहाही दिला. विचारलं, तुझ्या गावचे लोक हो कधी म्हणतात?

मी म्हटलं, आमच्याकडे कालव्याचं पाणी वाटणारा मुराब, म्हणजे माझा थोरला भाऊ, हो म्हणाला की गाव हो म्हणतं. आणि मुराब कागदाला नाही, माशाला विचारतो. बाबांची पद्धत सांगितली मी त्यांना. पाण्याबद्दल शंका आली की तीन मारिन्का मासे धरायचे, वरच्या गावाने बदलू नयेत म्हणून शेपटीवर आपल्या घराची खूण कापायची, आणि त्या पाण्यात चाळीस दिवस ठेवायचे. जगले तर कालवा उघडायचा.

साहेबांनी चहा खाली ठेवला. म्हणाले, चाळीस दिवस ना, सोपं आहे.

घरातली गोष्ट बाहेर विकली असं समजू नका. खात्री वाटते म्हणूनच सांगितली. नवा कारखाना झाला की तिथल्या तळ्याचा मुख्य मीच, असं ते बोललेत. म्हणजे मी परत येईन बाइके, रिकाम्या हाताने नाही.

तुमचा एसेन


१६ मार्च

बाइके,

तुम्ही मासे पाठवलेत, चिठ्ठी नाही. तरी चालेल. साहेबांच्या जीपमध्ये टाकी बसवून, हवेचा पंप लावून आणले. ड्रायव्हर सांगत होता, तुम्ही त्याला चहाही विचारला नाहीत. हात धुतलेत, मासे दिलेत, वळलात.

परवा दुपारी पाण्यात सोडले. तिन्ही धडधाकट. शेपटीच्या वरच्या पात्यावर दोन सरळ काप आणि एक तिरपा. बघितल्याबरोबर कळलं की सुरी अजून बाबांचीच वापरता. या जगात ही खूण कापणारे आता दोघेच उरलो, नाही का? मी आठ वर्षांचा असताना बाबांनी ओल्या कातडीच्या तुकड्यावर गिरवून घेतली होती माझ्याकडून. तिरपा काप माझा नेहमी लांब जायचा आणि तुम्ही मागून टपली मारायचात.

चौदा तारखेपासून धरलं तर चाळिसावा दिवस बावीस एप्रिलला येतो. तोवर मी रोज बघतो. सकाळी, जेवणाआधी, संध्याकाळी. खाणं टाकलं की वर येतात.

तमारा एजे म्हणून एक रशियन बाई आहेत इथे, टाक्या त्या चालवतात. वीस वर्षं हेच काम. त्या तळ्याशी आल्या, मासे बघितले आणि म्हणाल्या, "सुंदर आहेत. तुझं यांच्याशी काही भांडण होतं का?" त्यांचं बोलणं असंच वाकडं असतं. मग मला विचारलं, या काठावर कधी बेडूक ऐकलास का. मी म्हटलं, थंडी आहे अजून. त्या म्हणाल्या, नदीवर ऐकू येतात.

खरं आहे, नदी दोन शेतं पलीकडे आहे आणि तिथून येतो आवाज. इथे नाही. पण हे तळं नवं आहे, बेडकांना सवय व्हायला वेळ लागत असेल.

एक मासा थोडा कडेकडेने राहतो. प्रवासाने थकला असणार.

एसेन


२७ मार्च

बाइके,

नवं वर्ष सुखाचं जावो. इथे कारखान्याने मोठ्या कढईत गव्हाच्या अंकुरांचा सुमोलोक शिजवला, सगळ्या कामगारांना वाटला, पोरांना झोपाळे बसवून दिले. साहेबांनी स्वतः ढवळलं. मी दोन वाट्या खाल्ल्या. वहिनीच्या हातचा जास्त गोड लागतो, सांगा तिला.

मासे छान आहेत. तिन्ही छान आहेत, पोहतात, खातात. खूण स्पष्ट दिसते.

मी हल्ली जेवणाच्या सुट्टीत नदीवर जातो जाळं घेऊन. बसून बसून कंटाळा येतो म्हणून. आपल्याकडचेच मासे आहेत तिथेही, मारिन्का, फक्त जरा काळपट.

सहज विचारतो, तुम्हाला ठाऊक असेल म्हणून. काप जुना झाला की त्याची कड बोटाला गुळगुळीत लागते, तसं व्हायला किती दिवस जातात? बाबा सांगायचे, पण मी लक्ष दिलं नव्हतं. सहजच. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

साहेबांशी एकदा जास्त वेळ बोलणं झालं. ते वाईट माणूस नाहीत. हे मी त्यांचं खातो म्हणून लिहीत नाही. गेल्या साली कामगाराच्या बायकोला शहरातल्या दवाखान्यात स्वतःच्या गाडीने नेलं त्यांनी. मी विचारलं, साहेब, टाक्या दुपारनंतर बंद का असतात? ते माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, बस.

मग त्यांनी समजावलं. आमचे लोक आजवर कातडी कुठे टाकत होते? ओढ्यात. कुत्री ओढत न्यायची. आता मी ती विकत घेतो, घराघरात चार पैसे जातात. टाक्या दिवसभर चालवल्या तर औषधं आणि वीज सगळं खाऊन टाकतात, मग कातडी घेता येत नाहीत, कारखाना बंद. मुळीच नाही चालवल्या तर पाप. "म्हणून मी अर्ध्या चालवतो," ते म्हणाले. "मला सगळ्यांचा विचार करावा लागतो, इनिम. पाण्याचाही आणि माणसांचाही. अर्धं हे माझं इमान आहे."

इनिम म्हणाले मला, सख्ख्या धाकट्या भावाला म्हणावं तसं. मला ते पटलं. तेव्हा पटलं.

खालच्या अंगाला एक मेंढपाळ आहे, त्याच्या अकरा मेंढ्यांनी यंदा गाभ टाकला. साहेबांनी त्याला दोन गाड्या गवत पाठवलं. तो येऊन साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून गेला. गवत चांगलंच होतं.

मासे छान आहेत.

एसेन


९ एप्रिल

जोरो बाइके,

ऐकलं की तुम्ही स्वतः येणार, सोबत गावच्या चार पांढऱ्या दाढ्या, कारखान्याच्या गाडीने. कशाला?

घाटात अजून बर्फ आहे. चौदा तासांचा रस्ता आहे. कालमात आजोबांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, त्यांना गाडीत बसवून आणणं म्हणजे हाल. इथलं जेवणही धड नाही, मेसमध्ये भात चिकट करतात. आणि कालवा उघडायच्या दिवसांत मुराबाने गाव सोडायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत.

येऊ नका. गावातूनच सांगा काय ते. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मला राग येणार नाही, माझ्या नोकरीचा विचार करू नका. मी तसाही एका जागी टिकत नाही, कझाकांकडे तेलाच्या विहिरींवर माणसं घेतायत, तिकडे जाईन.

गावात बसूनच नाही म्हणा, बाइके. मी कधी काही मागत नाही तुमच्याकडे.

ए.


२५ एप्रिल

बाइके,

हे वहिनीसमोर उघडू नका. मेंढ्यांकडे जाल तेव्हा वाचा.

तुम्ही निघून गेलात आणि तीन दिवस मी हौदावर मुद्दाम जास्तीचं काम मागून घेतलं. आज लिहितो.

पहिला मासा नवव्या दिवशी मेला. तो कडेचा. सकाळी गेलो तर उताणा होता, कल्ले पांढरे. दुसरा दहाव्या दिवशी. तिसरा बिचारा चौदाव्यापर्यंत पोचला. मी त्याला बादलीत विहिरीच्या पाण्यात ठेवून बघितला, तोंड नुसतं उघडत होता, वाचला नाही. तुम्हाला सत्तावीस तारखेचं पत्र लिहिलं तेव्हा तिघांनाही पुरून झालं होतं. मेसच्या मागे, चेरीच्या झाडाखाली.

मी साहेबांना जाऊन सांगितलं. लपवलं नाही, एवढं तरी माना. ते खुर्चीत बसले होते, टोपी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील की टाक्या पूर्ण चालवा. तमारा एजेंनी सांगितलं होतं मला, पूर्ण चालवल्या तर जगतील मासे, हे यंत्र चांगलं आहे, ते चालवणाऱ्याची छाती पाहिजे.

साहेब म्हणाले, "नवे टाक."

मी म्हटलं, खुणेचं काय?

"खूण तुला येते ना?"

एवढंच. धमकी नाही, लाच नाही. लाच दिली असती तर मी कदाचित घेतली नसती. त्यांनी फक्त विचारलं की येते ना, आणि मी मान हलवली. मला येते म्हणून मान हलवली, बाइके. माझ्याकडे दुसरं काहीच नाही जगात जे मला येतं आणि दुसऱ्याला येत नाही.

नदीवरून धरून आणले. ते आठवड्याने मेले. पुन्हा आणले. एकूण चार वेळा. शेवटचे तीन तुम्ही येण्याच्या आदल्या सकाळी सोडले आणि ते दोन दिवस साहेबांनी टाक्याही दिवसभर चालू ठेवल्या. दरवेळी मी मेसच्या कांदे चिरायच्या सुरीने कापत होतो. दोन सरळ, एक तिरपा.

मग तुम्ही आलात. फाटकाशी गाडीतून उतरताना मला बघून म्हणालात, वाळलास रे, तुलाही चुन्यात घातलं की काय. सगळे हसले. मीही हसलो. दोन वर्षांनी पहिलं वाक्य आणि ते असं. मला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी वाटलं, कधीच सांगू नये.

साहेबांनी बाकावर गालिचा घातला होता. कालमात आजोबांना आधी बसवलं. तुम्ही बसला नाहीत. बाही वर केलीत, गुडघे टेकलेत, जाळीने एक मासा ओढलात आणि ओंजळीत घेतलात. अंगठा शेपटीवरून फिरवलात. एकदा. मग परत, सावकाश.

ताज्या कापाची कड बोटाला टोचते. चाळीस दिवसांची टोचत नाही. हे मला नव्हतं आठवत असं नाही, मी तुम्हाला विचारलंच होतं पत्रात. मुद्दाम विचारलं होतं का? मलाही नक्की कळत नाही. कदाचित तुम्हाला कळावं आणि मला सांगावं लागू नये, असं असेल.

तुमचे डोळे माझ्याकडे वळलेच नाहीत. पाण्याकडे होते. कालमात आजोबांनी विचारलं, "काय मुराब, तुझीच का खूण?"

"माझीच," तुम्ही म्हणालात.

आणि मासा पाण्यात सोडलात. पांढऱ्या दाढ्यांनी हात पसरले, कालमात आजोबांनी आशीर्वाद म्हटला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. साहेबांनीही फिरवला. मीही. मेंढा कापला, जेवण झालं, तुम्ही तुमच्या वाटणीचं मांस शेजारच्या ताटात सरकवलंत. ते फक्त मी बघितलं.

गाडीत चढताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. लोकांना वाटलं, निरोप घेतोय. तुम्ही कानाशी म्हणालात, "तिरपा काप अजून लांबच जातो तुझा."

तुम्ही ओरडला असता, सगळ्यांसमोर थोबाडीत दिली असती, तर मी आज कझाकांच्या देशात असतो आणि गावही वाचलं असतं. तुम्ही मला वाचवलंत. घोडी विकणाऱ्याला. का?

एसेन


४ मे

बाइके,

कदीरने तुमची चिठ्ठी दिली. दोन वर्षांत तुमची पहिली चिठ्ठी. "झालं ते झालं. घरी ये. कुणाजवळ बोलू नकोस." मी ती चार जागी वाचली, हौदावर, तळ्यावर, मेसमध्ये, झोपायच्या खोलीत. घरी ये, हे शब्द वाचायला मी किती दिवस थांबलो होतो, ते सांगितलं तर तुम्ही हसाल.

पण पुढचं वाक्यही तिथेच आहे, आणि ते मला पाळता येणार नाही.

परवा आपल्या गावच्या कारखान्याचं सामान गाड्यांवर चढलं. तमारा एजे उभ्या राहून बघत होत्या, मीही होतो. सात लाकडी ढोल, ज्यात कातडी फिरवतात. दोन पंप. क्रोमच्या गोण्या. चुना. टाक्या नाहीत. एकही नाही. मी साहेबांकडे गेलो. ते घाईत होते, तरी थांबले. म्हणाले, टाक्या दुसऱ्या वर्षी, आधी कारखाना पायावर उभा राहू दे, नाहीतर टाक्यांना पैसा कुठून आणू. मी म्हटलं, साहेब, तुम्ही अर्धं म्हणाला होतात. त्यांनी माझ्याकडे खरंच दुखावल्यासारखं बघितलं. म्हणाले, "तुझ्या गावाने अर्ध्याचीही अट घातली नाही रे. मासे बघितले आणि हो म्हणाले."

बरोबर आहे त्यांचं. आपल्याला मासे पुरतात. त्यामुळे कागदावर कुणी काही लिहूनच घेतलं नाही. ही वाट त्यांना मी दाखवली.

तो खालचा मेंढपाळ काल पुन्हा आला होता. यावेळी गवत मागायला नाही. त्याच्या धाकट्या मुलीच्या हातापायावर फोड आलेत, कुणी डॉक्टर ओळखीचा आहे का, विचारत होता. साहेब शहरात होते. फाटकावरच्या माणसाने त्याला मलम दिलं, कातडी भाजल्यावर आम्ही लावतो ते. तो ते घेऊन, आभार मानून गेला.

आपला कालवा ज्या घरांपुढून जातो ती मी काल एकेक करून आठवली. मुखापासून सुरू केलं. पहिलं घर आपलंच.

तुम्ही काय म्हणाल ते माहीत आहे. मी बोललो तर खोटा मीच नाही ठरणार, मुराब खोटा ठरेल. बाबांनी एकोणतीस वर्षं आणि तुम्ही बारा वर्षं पाणी वाटलंत, कुणाच्या वाटणीत वीतभर कमीजास्त नाही, आणि लोक तुमच्या तोंडाकडे बघून घरी जातात. ते सगळं जाईल. शेजारी पाण्यावरून भांडतील, तुमच्या समोर आवाज चढवतील. वहिनी विहिरीवर गेली की बायका गप्प होतील. हे सगळं मला दिसतं. मी मूर्ख आहे, पण आंधळा नाही.

तरी मी येतोय. चिठ्ठीत बोलावलंत म्हणून येतोय, असं समजा.

हे पत्र कदीर आज नेतोय, तुमच्याकडे उद्या पोचेल. मी शुक्रवारच्या गाडीने निघतो. मधले दोन दिवस तुमचे. त्यात तुम्ही स्वतः कालमात आजोबांकडे गेलात आणि सांगितलंत, तर मी नुसता मागे उभा राहीन, खाली मान घालून, लोक माझ्यावर थुंकले तरी. मासे मी बदलले, खूण मी कापली, तुमच्या अंगठ्याला ते कळलं आणि तुम्ही भावासाठी गप्प बसलात, असं सांगा. एवढं पुरे. लोकांना राग येईल, पण समजेल. आपल्याकडे प्रत्येकाला भाऊ आहे.

नाही सांगितलंत, तर मी सांगेन. आणि तुम्ही खोटं बोललात हेही मला सांगावं लागेल, बाइके. ते शब्द माझ्या तोंडून येऊ देऊ नका.

तमारा एजेंनी एका बाटलीत तळ्याचं पाणी भरून दिलंय, टाक्या बंद असतानाचं. त्यांची सही आहे कागदावर, तारीख आहे. त्यांना काढून टाकतील. मी म्हटलं तर म्हणाल्या, वीस वर्षं मी अर्ध्या दिवसाचंच काम केलंय, अर्धा पगार तसा फुकटचाच होता.

गाड्या सोमवारी घाट ओलांडतील. रविवारी सगळा गाव कालव्याच्या मुखाशी जमेल, कारण जागा साफ करायला सगळ्यांनी मिळून हात लावायचं ठरलंय, असं कदीर सांगतो. मी तिथेच येईन. घरी आधी येणार नाही. घरी आलो तर वहिनी जेवायला वाढेल, तुम्ही समोर बसाल आणि मग माझ्याने बोलवणार नाही.

माझ्यावर हात उचलायचा असेल तर तिथेच उचला, सगळ्यांदेखत. म्हणजे कालमात आजोबा विचारतील, का मारतोस त्याला. आणि मग तुम्हाला सांगावंच लागेल.

एसेन